निशब्दची दोन टिंबं

आमच्या घरात कागद उघड्यावर ठेवायची सोय नाही. किराण्याची यादी असो, मुलीच्या वर्गशिक्षिकेला लिहिलेली चिठ्ठी असो, नाहीतर दाराला अडकवलेला 'आज दुध नको' असा कपटा असो, तासाभरात त्यावरून लाल पेन्सिल फिरलेली असते. 'दुध'चा दु दीर्घ होतो आणि शेजारी मुंगीएवढ्या अक्षरात शेरा येतो, 'नको असलं, तरी दूध दीर्घच.' दूधवाला तो कपटा वाचतो, हसतो आणि दोन पिशव्या ठेवून जातो. एवढं लिहिलंय म्हणजे हवंच असणार, असं त्याला वाटतं.

ही लाल पेन्सिल माझ्या सासऱ्यांची. मी त्यांना मामंजी म्हणते, अख्खी गल्ली त्यांना शुद्धमास्तर म्हणते. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलेलं नाही. ते पितळेच्या पट्ट्यांवर नावं कोरतात. वय चौऱ्याहत्तर, त्यातली चौपन्न वर्षं त्याच एका खुर्चीत गेली. चष्म्याचं दुकान आणि कुलपांचं दुकान यांच्या मधे एक फट आहे, तिला ते आपलं दुकान म्हणतात. खुर्ची मागे सरकवली की भिंतीला लागते आणि पुढे वाकलं की गिऱ्हाइकाच्या पोटाला डोकं लागतं. टेबलावर वाळू भरलेली चामड्याची उशी असते. तिच्यावर पट्टी ठेवायची, डोळ्याला भिंग लावायचं आणि मुठीतल्या कोरणीनं पितळेतून केसाएवढी साल काढत अक्षर उमटवायचं. इतर वेळी मामंजींचा हात थरथरतो, चहा बशीत सांडतो. कोरणी हातात आली की तोच हात दगडासारखा स्थिर होतो. ते पाहायला मला आजही आवडतं. हे मी त्यांना अर्थातच कधी सांगितलेलं नाही.

सासूबाईंचे कान उत्तम आहेत, पण नवऱ्याचं ऐकणं त्यांनी केव्हाच सोडून दिलंय. मी लग्न होऊन आले तेव्हाच त्यांनी मला सावध केलं होतं. "लग्नाआधी ह्यांनी मला तीन पत्रं लिहिली. मी एकाला उत्तर दिलं. ते दुरुस्त होऊन परत आलं."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? लग्न केलं. लिहिण्यापेक्षा सोपं होतं."

दुरुस्तीची ही खोड घरापुरती असती तर मी सोसलीही असती. पण ती पितळेवर उतरायची, आणि पितळेवरची दुरुस्ती खोडरबरानं जात नाही. एका दातांच्या डॉक्टरांना दारावर 'दंतरोग तज्ञ' हवं होतं. मामंजींनी 'तज्ज्ञ' कोरून दिलं. डॉक्टर म्हणाले, "अहो, यात एक ज जास्त आहे." मामंजी म्हणाले, "तुमच्या शिक्षणात एक कमी आहे." डॉक्टर पुन्हा फिरकले नाहीत, आणि आमच्या घरातल्या दाढा आम्हाला दोन स्टेशनं लांब जाऊन काढून घ्याव्या लागतात. एका वकिलांचं तर आडनावच त्यांनी दीर्घ केलं. वकील म्हणाले, "आमच्या घरात तीन पिढ्या ऱ्हस्व लिहितात." "तीन पिढ्या चुकतात," मामंजी म्हणाले. वकिलांनी नोटीस पाठवली. नोटिशीत सात चुका होत्या. ती लाल होऊन परत गेली.

म्हणून मी दुकानात जाऊन बसू लागले. आमचे हे लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत, दिवसभर कुठल्या ना कुठल्या इमारतीच्या दोन मजल्यांच्या मधे लटकलेले असतात. वडिलांबद्दल काही बोललं की "तू बघ ना जरा, तुझं ऐकतात ते" एवढं म्हणून दार लावून घेतात. मी भाषा विषय घेऊन बी. ए. झालेली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचा वाद गिऱ्हाइकाच्या बाजूनं घालू शकेन अशी सगळ्यांना आशा. मुलगी शाळेत गेली की अकरा ते पाच मी दुकानात. हळूहळू मामंजींनी मला कोरायला शिकवलं. वर्षभर नुसत्या उभ्या रेघा, मग काने, मग वेलांट्या. माझं अक्षर त्यांना पसंत होतं, फक्त माझा ब त्यांना कधीच आवडला नाही. "तुझा ब पोटात दचकतो," असं ते म्हणायचे. अजूनही म्हणतात.

गिऱ्हाइकं मात्र जायची ती गेलीच. दोन गल्ल्या सोडून लेझरचं मशीन आलं. मोबाइलवरून नाव पाठवायचं आणि दहा मिनिटांत पट्टी न्यायची, चुकांसकट. "ते यंत्र आज्ञाधारक आहे," मामंजी म्हणाले. "गाढवही असतं."

राहिलं एकच मोठं काम, राष्ट्रीय संगीत पुरस्कारांचं. सोळा वर्षं ते आमच्याकडेच आहे. त्याची पद्धत सांगायला हवी. बावीस विभाग, प्रत्येक विभागात पाच नामांकनं. जिंकणारं नाव बंद पाकिटात असतं, समारंभाच्या संध्याकाळपर्यंत ते सेक्रेटरीबाईंनाही ठाऊक नसतं. म्हणून पाचही नावांच्या पट्ट्या तयार ठेवायच्या. पाकीट फुटलं की मागच्या खोलीत योग्य ती पट्टी ट्रॉफीच्या खाचेत सरकवायची आणि ट्रॉफी मंचावर न्यायची. म्हणजे मामंजी दरवर्षी एकशे दहा नावं कोरतात आणि त्यातली अठ्ठ्याऐंशी परत येतात. ती ते टाकत नाहीत. खाली एक मोठा खण आहे, त्यात वर्षावर्षाची पुडकी बांधून ठेवलेली असतात. गाणारे, वाजवणारे, सगळे हरलेले, पण सगळे शुद्ध.

हे काम गेलं तर दुकानाला कुलूप लागणार, हे मला आणि मामंजींना दोघांनाही कळत होतं. आम्ही त्यावर बोलायचो नाही. कुलूप लागलं म्हणजे मामंजी सकाळपासून रात्रीपर्यंत घरात, लाल पेन्सिल कानावर, माझ्या मागे मागे. त्याहून वाईट म्हणजे त्यांचे ते हात. मग ते स्थिर कधी होणार?

यंदा यादी आली, बावीस विभागांची, टाइप केलेली. 'सर्वोत्कृष्ट रॉक अल्बम' या विभागात तिसरं नाव होतं : अल्बम 'तळमजला', बँड 'निशब्द'. त्याच्याखाली तिरक्या अक्षरात टीप होती, 'नावात विसर्ग नाही, कृपया दुरुस्त करु नये.' मी त्या टिपेखाली पेन्सिलीनं रेघ मारली. मग आणखी एक मारली. समासात बाण काढला.

"मामंजी, टीप वाचलीत?"

"वाचली."

"मग?"

"'करु' ऱ्हस्व लिहिलंय."

"अहो, मी विसर्गाबद्दल विचारतेय."

"ज्याला 'करू' लिहिता येत नाही, त्याच्याकडून मी विसर्ग शिकू?"

"शिकायचं नाहीये. फक्त कोरायचं नाहीये. दोन टिंबं कमी. तुमचेच कष्ट वाचतील."

त्यांनी भिंग वर केलं. "सूनबाई, निः म्हणजे नाही. निःशब्द म्हणजे शब्द नाही. टिंबं काढली की ते नि उघडं पडतं. थंडीत कुणाचा कोट काढून घेतल्यासारखं."

"ते रॉकवाले आहेत. त्यांना थंडी वाजत नाही."

यावर ते हसले, आणि ते हसले म्हणून मला वाटलं पटलं. इथे मी चुकले. त्याच आठवड्यात मुलीला ताप आला. मी दोन दिवस दुकानात गेले नाही, आणि एकशे दहा पट्ट्यांचं पुडकं माझी नजर न फिरता पुरस्काराच्या कार्यालयात पोचलं.

शुक्रवारी दुपारी फोन आला. समारंभ शनिवारी संध्याकाळी सात वाजता.

"वहिनी," सेक्रेटरीबाईंचा आवाज दमलेला होता, "तुमच्या सासऱ्यांनी टिंबं घातली."

मी कपाळाला हात लावला. मग त्याच हातानं मामंजींकडे बोट दाखवलं. ते अगदी मन लावून कोरणीला धार करू लागले.

"बँडनं अर्जात बजावून लिहिलं होतं. आज तालमीच्या वेळी त्यांच्या माणसानं पट्टी पाहिली आणि आमच्या अध्यक्षांसमोर विषय काढला. अध्यक्ष काय म्हणाले ठाऊक आहे? म्हणाले, लेझरवाल्याचं पत्र कुठेय ते काढा. वहिनी, मी तीन वर्षं तुमची बाजू घेतेय. ह्यांनी 'प्राविण्य'चं 'प्रावीण्य' केलं तेव्हा सांभाळून घेतलं, कारण ते बरोबर होतं. पण हे नाव आहे हो! उद्या चारपर्यंत बरोबर पट्टी आली तर ठीक. नाही आली तर ही एक लेझरवर होईल, आणि पुढच्या वर्षी सगळ्याच."

मामंजींनी हात पुढे केला. मी फोन दिला.

"बाई, मी बरोबर पट्टी दिलेली आहे."

पलीकडून काहीतरी बोललं गेलं.

"मग लेखी द्या. आम्हाला आमचं नाव चुकीचं लिहून हवंय, असं. सही-शिक्क्यानिशी."

"मामा," सेक्रेटरीबाई इतक्या मोठ्यानं म्हणाल्या की मलाही ऐकू आलं, "तो बँड आहे! त्यांच्याकडे शिक्का कुठला?"

घरी आल्यावर मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी बूट काढता काढता म्हटलं, "तू बघ ना जरा, तुझं ऐकतात ते." मी बुटांकडे बघितलं. बूट लगेच कपाटात गेले आणि हे आतल्या खोलीत.

शनिवारी सकाळी साडेदहाला दुकानात एक मुलगी आली. मुलगी म्हणजे तिशीची असेल. केस पुरुषासारखे बारीक कापलेले, खांद्याला गिटारची काळी पेटी, तिच्यावर पांढऱ्या रंगात लिहिलेलं 'घोगरी'. तोंड उघडल्यावर कळलं का ते. तिचा आवाज म्हणजे बरेच दिवस तेल न घातलेलं शटर.

"शुद्धमास्तर आपणच का? सेक्रेटरीबाईंनी पाठवलंय. लेखी आणलंय."

तिनं कागद दिला. मामंजींनी तो वाचला, कानावरची लाल पेन्सिल काढली आणि कामाला लागले. मला तोंड कुठे लपवू असं झालं. घोगरी मात्र टेबलावर वाकून मजेत बघत होती.

"आजोबा, 'आम्ही'चा म्ही चुकला?"

"दीर्घ हवा."

"'विनंती'पण?"

"ती बरोबर आहे. तेवढी एकच."

"भारी! मला शाळेतसुद्धा विनंती बरोबर येत नव्हती." मग तिनं खिशातून फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू काढली. "हे बघा, म्हणजे पटेल. आमच्या नावाचं मूळ. सहा वर्षं आमच्या तळघराच्या दारावर आहे ही. इथूनच नाव घेतलं आम्ही."

पितळेची छोटी पट्टी होती. कोपरे झिजलेले, एक भोक फाटलेलं. त्यावर फक्त 'निशब्द'.

मामंजींनी भिंग लावलं आणि मग जे सुरू झालं ते काय सांगू. "हं. म्हणजे मूळ पाप हे आहे तर. कुठल्या गाढवानं कोरलीय? श बघ, कंबर मोडल्यासारखा. द ची शेपटी लटपटतेय. आणि हा ब! हा ब तर पोटात..."

ते थांबले. त्याच क्षणी मलाही तो ब दिसला होता.

मामंजींनी पट्टी उलटी केली. आमच्या दुकानातून जाणाऱ्या प्रत्येक पट्टीच्या मागे, कोपऱ्यात, तांदळाएवढा त्रिकोण असतो. तो तिथे होता.

त्यांनी भिंग काढलं. चष्मा काढला. खूप वेळ ते त्या त्रिकोणावर अंगठा फिरवत राहिले.

"सूनबाई," ते हळू आवाजात म्हणाले, "ही इथली आहे."

मी घोगरीच्या पेटीवरचं नाव पुन्हा वाचत राहिले.

"मी कोरलीय ही? मी विसर्ग सोडला?" बोलता बोलता त्यांनी कोरणी उचलली होती आणि तो हात थरथरत होता. कोरणी हातात असताना थरथरलेला तो हात मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

खरं तेच सांगते. त्या क्षणी पंधरा वर्षांची लाल पेन्सिल माझ्या डोळ्यांसमोरून गेली. माझ्या याद्या, चिठ्ठ्या, माझ्या आईला लिहिलेलं आणि न विचारता दुरुस्त झालेलं पत्र. मी नुसती गप्प बसले असते तर त्या माणसानं पुन्हा कधीही कुणाची वेलांटी काढली नसती. घरात शांतता झाली असती. एवढं सगळं मनात यायला किती वेळ लागतो? फार नाही. तेवढ्यात त्यांनी कोरणी टेबलावर ठेवली, अगदी अलगद, जणू ती आता दुसऱ्या कुणाची होती. ते मला बघवेना.

"मी कोरलीय," मी म्हणाले.

"काय?"

"मी. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, तीन आठवडे पट्टी होती, तेव्हा. दोन मुलं आली होती चिठ्ठी घेऊन. पेन झिरपत होतं त्यांचं. कागदावर सगळीकडे ठिपके पडले होते. मला वाटलं, नि च्या पुढचेही शाईचेच डाग आहेत."

"डाग?"

"हो."

"विसर्ग तुला डाग वाटला?"

"हो, मामंजी."

त्यांनी चष्मा परत लावला. चेहऱ्यावर रंग आला. कोरणी उचलली, आणि हात स्थिर! इतका स्थिर की मला संतापच आला.

"मग हे आधी नाही सांगायचं?" ते ओरडले. "माणूस मेला असता इथं! बी. ए. झालीस ना गं? भाषा घेऊन?"

घोगरी हसून हसून गिटारच्या पेटीवर बसली होती. "म्हणजे आमचं नाव काकूंनी ठेवलं? काकू, तोवर आमचं नाव 'ज्वालामुखी' होतं! वरच्या मजल्यावरचे काका रोज आवाजाची तक्रार करायचे, त्यांना चिडवायला दारावर 'निःशब्द' लावायचं ठरलं. पट्टी आली तर टिंबं नाहीत. आमचा ड्रमवाला म्हणाला, बघा, आपण इतका आवाज करतो की विसर्गसुद्धा गळून पडला. झालं! त्याच दिवशी ज्वालामुखी विझला."

मामंजींना ही कथा आवडली असावी. ओठ हलले, पण लगेच त्यांनी ते आवळले. "गळून पडला, म्हणजे आधी होता हे तुम्हाला मान्य आहे."

"मान्य आहे की! गळलेलाच तर दाखवायचाय."

"मग गळलेली जागा मोकळी सोडायची का? नि आणि श यांच्यात?"

घोगरी विचारात पडली. मीसुद्धा. एवढं एका माणसाला सुचतं आणि त्याच माणसाला टीप वाचून गप्प बसणं सुचत नाही.

"नको," ती म्हणाली. "जशी काकूंनी कोरली तशीच."

घड्याळात साडेअकरा झाले होते. कार्यालय शहराच्या दुसऱ्या टोकाला, चारच्या आत पोचायचं. मी कोरी पट्टी काढून वाळूच्या उशीवर ठेवली. मामंजींनी ती पाहिली आणि हाताची घडी घातली.

"मी नाही कोरणार."

"मामंजी!"

"चौपन्न वर्षांत माझ्या हातून एक अशुद्ध अक्षर गेलेलं नाही. आत्ता पाच मिनिटं वाटलं होतं की गेलं. ती पाच मिनिटं मला पुन्हा नकोत."

"अहो, मग काम जाईल! दुकान जाईल! दोन टिंबांपायी..."

"मी नाही कोरणार म्हणालो. पट्टी होणार नाही असं कुठे म्हणालो?" ते खुर्चीतून उठले. त्या फटीत त्यांना बाहेर यायला आणि मला आत जायला एकदम जागा नव्हती, म्हणून घोगरीला आधी रस्त्यावर उभं राहावं लागलं. "चूक तुझी आहे. तूच कर. बस."

त्या खुर्चीत तोवर मी कधी बसले नव्हते. मी नेहमी टेबलाच्या टोकाला, स्टुलावर. खुर्चीची बैठक त्यांच्या आकारात खोल गेली होती. मी आधी 'तळमजला' कोरलं. मग पुढची ओळ. मामंजी माझ्या स्टुलाच्या जागी उभे राहून अखंड बोलत होते. "श्वास धर. आता सोड. वेलांटी एका दमात. घाई कसली आहे, गाडी सुटतेय का?"

"चारला सुटतेय!" मी म्हणाले.

नि झाला. माझा हात तिथे आपोआप थांबला. सहा वर्षांपूर्वी जिथून पटकन पुढे गेला होता, तिथेच. मी वर पाहिलं. मामंजींनी तोंड फिरवलं होतं, ते समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

"पुढे जा," ते म्हणाले. दात उपटून घेताना माणूस डॉक्टरला म्हणतो तसं.

ब जवळ आला तशी घोगरी दारातून म्हणाली, "काकू, ब तसाच दचकलेला ठेवा हं. ओळखीचा आहे आमच्या."

"एक चूक पुरे!" मामंजी गरजले. मग खाली वाकून माझ्या कानाशी म्हणाले, "पोट हलक्या हातानं. वळणावर मनगट नको, कोपर फिरव. हं. हं. सोड आता."

मागे मी तांदळाएवढा त्रिकोण काढला. घोगरीनं पट्टी फडक्यात गुंडाळली आणि पेटी सावरत पळाली. पावणेचारला सेक्रेटरीबाईंचा निरोप आला, पट्टी पोचली. पुढच्या वर्षाचं काय, ते त्यात नव्हतं.

संध्याकाळी टीव्हीवर समारंभ लागला. मामंजी दरवर्षी म्हणतात की मला त्यात रस नाही, आणि दरवर्षी टीव्हीपासून हातभर अंतरावर खुर्ची टाकून बसतात. गाणाऱ्यांकडे ते बघत नाहीत. ट्रॉफी मंचावर आली की पट्टी दिसते का बघतात, आणि दिसली नाही की कॅमेरावाल्याचा उद्धार करतात. रॉकची पाच नावं वाचली. प्रत्येकाचं थोडं थोडं गाणं वाजवलं. 'तळमजला'चा तुकडा लागला तेव्हा आमच्या कपाटातल्या बशा किणकिणल्या.

"हे कोण?" सासूबाईंनी विचारलं.

"निःशब्द," मामंजी म्हणाले.

"निशब्द," मी म्हणाले.

"बरं आहे," सासूबाई मामंजींकडे बघत म्हणाल्या. "ह्यांचा आवाज ऐकू येत नाही."

पाकीट फुटलं. घोगरीचं नाव पुकारलं गेलं, बँडच्या नावासकट. मुलगी सोफ्यावर उड्या मारू लागली. हेसुद्धा टाळ्या वाजवायला लागले, जसं काही दिवसभर तेच पट्टी कोरत होते. घोगरी मंचावर आली, ट्रॉफी घेतली आणि भाषण करायच्या आधी तिनं ती कॅमेऱ्यासमोर धरली. पट्टीवर बोट ठेवलं, बरोबर त्या जागेवर, जिथे टिंबं नव्हती.

मामंजी पुढे झुकले. टीव्हीची काच त्यांच्या नाकाला लागायची बाकी होती. आता काय शेरा येतो म्हणून मी टीव्हीचा आवाज कमी केला.

"ब बरा आलाय," ते म्हणाले.

पंधरा वर्षांत पहिल्यांदा.

रविवारी सकाळी मी चहा टाकत होते तर मामंजी वर्तमानपत्र घेऊन स्वयंपाकघरात आले. आले म्हणजे धावत आले. हातात चहा नव्हता म्हणून बरं, नाहीतर सांडलाच असता.

"बघ! बघ! पहिलं पान!"

घोगरीचा फोटो, हातात ट्रॉफी, आणि खाली ठळक अक्षरांत : सर्वोत्कृष्ट रॉक अल्बम 'तळमजला', बँड 'निःशब्द'. दोन्ही टिंबं जागच्या जागी, काळीभोर.

"म्हणजे अजून आहे," मामंजी म्हणाले. "एक माणूस शिल्लक आहे. त्या वर्तमानपत्राच्या कार्यालयात कुठेतरी बसलेला असणार. त्याला सगळ्यांनी सांगितलं असणार की टिंबं नाहीत, फोटोत दिसतंय, टीव्हीवर दाखवलंय. आणि तरीही त्यानं ती घातली!"

"किंवा तिनं."

"किंवा तिनं! बरोबर!" माझी दुरुस्ती त्यांनी मान्य केली. तेवढ्यात माझा चहा उतू गेला.

दहा वाजता घोगरीचा फोन आला, "काकू, आता पेपरवाल्यांना कोण सांगणार?" मग सेक्रेटरीबाईंचा. अध्यक्षांना पट्टी आवडली होती. पुढच्या वर्षीचं काम आमच्याकडेच राहील, पण एका अटीवर. पुडकं बांधायच्या आधी एकशे दहा पट्ट्या वहिनींनी यादीशी ताडून बघायच्या, आणि ताप कुणालाही आला तरी.

मी मामंजींना अट सांगितली. त्यांचं लक्षच नव्हतं. ते टेबलाशी कोरा कागद मांडून बसले होते.

"सूनबाई, बस. लिहून घे. माझा हात आज फार हलतोय."

"कुणाला?"

"त्या मुद्रितशोधकाला. नाव ठाऊक नाही, वर्तमानपत्राच्या पत्त्यावर टाकू." आणि ते सांगू लागले. "सप्रेम नमस्कार. आजच्या अंकात 'निःशब्द' हा शब्द शुद्ध छापल्याबद्दल आपले आभार. आपल्याला बोलणी बसली असतील. मलाही बसली. आपण एकटे नाही, एवढं कळवावं म्हणून हे पत्र."

मी लिहीत होते. शेवटच्या वाक्याला मला थोडं भरून आलं, ते मी त्यांना दिसू दिलं नाही. कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी वाचला आणि कानावरची लाल पेन्सिल काढली.

"हे काय?"

"काय?"

"'निशब्द' लिहिलंस."

"अहो, ते त्यांचं नाव आहे. हात बसलाय आता तसा."

"नाव त्यांचं असेल. पत्र माझं आहे." आणि त्यांनी त्या जागेवर दोन टिंबं दिली, एकाखाली एक, लालभडक. मग आणखी एक अनुस्वार, एक वेलांटी. मग कागद माझ्यापुढे सरकवला. "स्वच्छ लिहून काढ."

मी लिहून काढलं. घडी घातली, पाकिटात टाकलं, चिकटवलं. पाकिटावरचा पत्ता मात्र मी दार लावून, आतल्या खोलीत लिहिला.